परदेशात राहून आल्यावर आपल्याच घरातलं काय वेगळं दिसायला लागलं?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. मी मूळची साताऱ्याची, नवऱ्याच्या नोकरीमुळे सध्या जर्मनीत स्टुटगार्टला असते (मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, हे मला इथे आल्यावर कळलं). इथे केरवोख म्हणून एक प्रकार आहे. बिल्डिंगमधल्या प्रत्येक बिऱ्हाडाने आळीपाळीने जिने झाडून पुसायचे, ज्याचा आठवडा असेल त्याच्या दारावर एक छोटी पाटी लटकते आणि काम झालं की ती पाटी शेजारच्यांच्या दारावर जाते. छोट्या पाळीत आपल्या मजल्याचा जिना, मोठ्या पाळीत तळघर, बाहेरचा फुटपाथ आणि थंडीत तिथला बर्फसुद्धा. या भागात हे पंधराव्या शतकापासून चालत आलंय. आमच्या वरच्या मजल्यावर एक डॉक्टर राहतात, मोठ्या हॉस्पिटलात सर्जन आहेत, त्याही शनिवारी बादली घेऊन येतात आणि गुडघ्यावर बसून पायऱ्यांचे कोपरे पुसतात, येणारा जाणारा हॅलो म्हणतो आणि पुढे जातो, कुणाला त्यात विशेष काही वाटत नाही. मला खालच्या आजींनी सगळं शिकवलं, फडकं किती पिळायचं, पाणी कधी बदलायचं, कठडा आधी का पुसायचा.

आता दिवाळीत घरी गेले. आमच्याकडे भांडी-फरशीला येणाऱ्या मावशी माझ्या लहानपणापासून आहेत, आईचा त्यांच्यावर जीव आहे, त्यांच्या मुलीच्या लग्नात आई चार दिवस राबली होती. पण मावशींचा चहाचा कप वेगळा आहे. कान तुटलेला, बेसिनच्या वरच्या खिडकीत पालथा ठेवलेला. चहा पिऊन झाला की त्या स्वतःच विसळून तिथे ठेवतात. आणि बसतात दारापाशी, जमिनीवर. हे सगळं मी वर्षानुवर्षं बघत आले होते, पण यावेळी तो कप मला असा काही खुपला की दोन दिवस धड जेवण गेलं नाही. आईशी बोलायला गेले तर ती म्हणाली, "तू तिकडं जाऊन आलीस म्हणून आम्ही लगेच वाईट झालो का?" आणि रडायलाच लागली.

म्हणून विचारतेय, बाहेर राहून आल्यावर तुम्हाला घरातलं, गावातलं असं काय दिसायला लागलं, आणि घरच्यांशी तुम्ही ते बोललात कसं?

दापोलीकर:
ताई, मी दुबईला बांधकामाच्या साईटवर सुपरवायझर होतो, आमच्या दापोली-खेडकडची घरटी माणसं आखातात, त्यामुळे परदेश म्हणजे आमच्यासाठी नवलाई नव्हती. तिकडे एक नियम आहे, १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करून घ्यायचं नाही, करून घेतलं तर कंपनीला दंड. आम्ही माणसांना सावलीत बसवायचो, पाणी, मीठ, सगळं द्यायला लागायचं. म्हणजे तिकडे सगळं चांगलं असं अजिबात नाही, तिथल्या सोनापूरच्या मजुरांच्या कॅम्पात एकेका खोलीत किती माणसं झोपतात ते मी बघितलंय, आणि एकाच कामाला पासपोर्ट बघून पगार ठरतो हे तर उघडंच आहे. मला स्वतःला तिथे कुणी नावाने हाक मारायचं नाही, "ए हिंदी" (म्हणजे ए भारतीय) एवढंच.

पण मे महिन्यात घरी आलो तर आमच्या इथे हायवेचं काम चालू होतं, भर बारा वाजता बायामाणसं डांबर पसरत होती, पायात साधी चप्पल, आणि एक बाळ झाडाला बांधलेल्या झोळीत. त्या रस्त्याने मी आधी कितीदा गेलो असेन. यावेळी गाडी थांबवली आणि मुकादमाला विचारलं, दुपारची सुट्टी किती? तो म्हणाला जेवणापुरती, अर्धा तास. मला वाटतं आपण खालच्या पायरीवर कधी उभे राहिलो की मगच ती पायरी दिसते. तुमचं वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना बघून झालं, माझं "ए हिंदी" ऐकून.

नीरजा_पु:
मला थोडं वेगळं मांडायचंय, कारण असे विषय निघाले की आपल्याकडचं सगळं वाईट इथेच गाडी जाते. आम्ही मॉरिशसला फिरायला गेलो होतो, समुद्र वगैरे बघायला, आणि नेमके गणपती होते. तिथे गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते! ही मंडळी म्हणजे १८३४ नंतर उसाच्या मळ्यांवर करारावर नेलेल्या मजुरांचे वंशज, त्यातली मराठी माणसं बरीचशी रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची. पोर्ट लुईला ते जिथे उतरायचे तो अप्रवासी घाट आज जागतिक वारसा स्थळ आहे, तिथल्या दगडी पायऱ्या बघून मला फार भरून आलं. पणजोबांचं पहिलं नावच बऱ्याच घरांत आता आडनाव झालंय. आपसात क्रिओल ही तिथली बोली बोलतात, मराठी शाळेत शिकून येते, पण आरती तोंडपाठ.

आणि झाकरी! आपल्या कोकणातला जाखडी नाच. गोल धरून, मध्ये ढोलकीवाला, बायका-पुरुष सगळे, नदीवर विसर्जनाला जाईपर्यंत. आमच्या गावी जाखडीवाले अंगणात यायचे तेव्हा आम्ही मुंबईची पोरं आत टीव्ही बघत बसायचो, आजोबा एकटेच बाहेर. मॉरिशसला एक कॉलेजमधली मुलगी मला विचारते की तुमच्या गावात अजून कोणती गाणी म्हणतात, आणि मला एकही सांगता येईना. त्या वर्षीपासून आम्ही शिमग्याला आणि गणपतीला गावाला जातोच, आणि मुलाला ढोलकीच्या क्लासला घातलंय. कृष्णाकाठ, तुझ्या आईने मावशींच्या मुलीच्या लग्नात चार दिवस राबणं हीसुद्धा आपलीच संस्कृती आहे, ती सोडू नको एवढंच म्हणते.

आनंदवाट:
नीरजाताई, राबणं आणि वेगळा कप दोन्ही एकाच घरात आहे, आणि प्रश्न कपाचा आहे.

मी लातूरचा, आता पुण्यात. माझी आजी नगरपालिकेत झाडूवाली होती. कृष्णाकाठ यांना जो कप आत्ता खुपला तो माझ्या आजीने आयुष्यभर हातात धरला, तिला तो दिसायला स्टुटगार्टला जावं लागलं नाही. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाहीये, तुम्हाला दोन दिवस जेवण गेलं नाही हे वाचून मला खरंच बरं वाटलं.

पण परदेशाने नजर बदलते हे आमच्याकडे उलट्या बाजूने घडलंय. बाबासाहेब १९१३ ला कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडनला. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की तिकडच्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. १९१७ ला परत आले, बडोद्याला नोकरीवर हजर व्हायचं होतं, आणि स्टेशनवर उतरल्यावर पहिला प्रश्न हा की राहायचं कुठे. पारशी नाव घेऊन पारशांच्या धर्मशाळेत राहिले, काही दिवसांतच लाठ्या घेऊन माणसं आली आणि संध्याकाळपर्यंत खोली सोड म्हणून धमकावलं. एवढा शिकलेला माणूस, संस्थानच्या नोकरीतला, आणि अख्ख्या शहरात एक खोली नाही. म्हणजे परदेशातून येणाऱ्या सवर्णाला आपलं घर नव्याने दिसतं, आणि त्यांना घराने पुन्हा जुनी जागा दाखवली.

आणि बाहेर गेलं की जात सुटते असंही नाही. सिएटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा नियम करावा लागला, अमेरिकेतलं असं पहिलंच शहर. तिकडे आपलेच लोक आडनाव विचारतात, म्हणून तो करावा लागला. तेव्हा ताई, आईशी बोलताना जर्मनीचं नाव काढू नका. "तिकडे असं असतं" म्हटलं की ते तिकडचं होतं आणि आईला ते बाजूला सारता येतं. मावशींचं नाव काढा.

कृष्णाकाठ:
आनंदवाट, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिताच आलं नाही. बाबासाहेबांचं बडोद्याचं मी शाळेत एका ओळीत शिकले होते. आईशी परत बोलायचंच आहे, पण व्हिडिओ कॉलवर नको वाटतं, आणि मावशींना न विचारता मी काही बदललं तर त्यांनाच अवघडल्यासारखं होईल का ही पण भीती आहे.

मंदाताई_सांगली:
मी कुठे परदेशात गेले नाही, काशीच्या पुढे नाही, पण आमच्या कॉलनीत हेच घडलंय म्हणून लिहिते. अगं बाळ, नवा कप एकटा मावशींसाठी आणू नकोस, तोही वेगळाच होतो. घरातले सगळेच जुने कप काढून टाक आणि एकसारखा सेट आण, मग कुठला कुणाचा हे राहतच नाही. आमच्याकडे सूनबाईने तेच केलं. माझ्या कामवालीने पहिले काही दिवस टेबलाशी बसायला नकोच म्हटलं, मी पण आग्रह केला नाही, मीच तिच्याजवळ खाली बसून चहा प्यायले, गुडघे दुखतात तरी. आता दोघी वर बसतो.

आणि नुसत्या कपावर थांबू नका गं. महिन्याच्या भरपगारी सुट्ट्या ठरवा, दिवाळीला एक पगार बोनस, आजारपणात पगार कापायचा नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे, १८ ते ६० वयाच्या कामवाल्या बायांची त्यात नोंदणी होते. मावशींचं वय बसत असेल तर नोंदणी झालीय का ते आधी विचार, नसेल तर कामगार कार्यालयात त्यांच्याबरोबर आईलाच पाठव. आमच्या कॉलनीतल्या तिघी-चौघी अशाच गेल्या होत्या, फॉर्म भरायला वेळ लागतो, आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक बरोबर ठेवा.