मदत हवी आहे : बाबांच्या नाकातली नळी सारखी तुंबते

बाबांना जिभेच्या मुळाशी कॅन्सर आहे. ३३ पैकी १९ रेडिएशन झाली. घोट उतरेना म्हणून दहा दिवसांपूर्वी नाकातून नळी घातली. फीड देणं आता जमतंय: आधी नळीवरची खूण जागेवर आहे ना बघायची, बसवून सावकाश द्यायचं, नंतर अर्धा तास तरी आडवं होऊ द्यायचं नाही. पण नळी तुंबते. गोळ्या अगदी बारीक कुटते, आधी-नंतर पाणी सोडते, तरी काल सिरिंजचा दट्ट्या हलेचना. कोमट पाणी भरून हलकेच मागे-पुढे केल्यावर सुटली. (जोर लावायचा नसतो, पण मोह होतो!) डॉक्टरांकडून गोळ्यांऐवजी पातळ औषधं लिहून घेतली आहेत का कुणी?

दुसरं जास्त अवघड. थेरपिस्ट सांगतात, नळी असली तरी जमेल तसं घोटघोट पाणी गिळत राहा, नाहीतर गिळण्याचे स्नायू ढिले पडतात. बाबा तोंड फिरवतात. आम्ही जेवायला बसलो की उठून दुसऱ्या खोलीत जातात. हल्ली आम्ही चोरून जेवतो, तेही त्यांना कळतंच. तुमच्या घरी हे कसं निभावलंत? पोटातून नळी बसवलेल्यांनीही सांगा, नाकातल्यापेक्षा ती सुसह्य वाटली का?