मदत हवी आहे: दगडी हत्यारांच्या त्रिमितीय प्रतिकृतीत कडा बिघडतात

धागाकर्ती: अलास्काच्या वायव्य किनाऱ्यावरील पॉइंट होप या इनुपियाट (तेथील मूळनिवासी) लोकांच्या गावाजवळची, प्राचीन इपियुटाक संस्कृतीची, चर्ट या कठीण व बारीक कणांच्या दगडाची पाती आणि बाणाग्रे आमच्याकडे त्रिमितीय नोंदीसाठी आली आहेत. फोटोग्रामेट्रीने, म्हणजे अनेक कोनांतून घेतलेली छायाचित्रे संगणकावर जुळवून केलेल्या प्रतिकृतींत कडा विरघळल्यासारख्या दिसतात आणि चकाकत्या भागांत खड्डे पडतात. हत्यारे लवकरच परत पाठवायची असल्यामुळे कृपया नेमका उपाय सांगावा.

प्रकाशवेध: कॅमेरा, लेन्स, दिवे आणि हत्यारांचा आकार कळल्याशिवाय नेमका उपाय कसा सांगणार?

धागाकर्ती: आम्ही १०० मिमीची मॅक्रो लेन्स, फिरते मेज आणि दोन एलईडी दिवे वापरतो. बहुतेक हत्यारे ३ ते ६ सेंमी लांब आहेत.

दख्खनवासी: महाराष्ट्रातील इनामगाव या ताम्रपाषाणयुगीन स्थळाच्या, कॅल्सेडनी या अर्धपारदर्शक दगडाच्या पात्यांतही प्रकाश आत शिरून असाच त्रास होतो. अशा दगडावर सायक्लोडोडेकेन या मेणासारख्या पदार्थाचा फवारा मारावा. पृष्ठभाग पांढरा व निस्तेज होतो आणि तो थर कालांतराने आपोआप उडून जातो.

प्रकाशवेध: हे मला मुळीच मान्य नाही. धारेवर चरबीचे किंवा रक्ताचे सूक्ष्म अवशेष असू शकतात, त्यामुळे त्यांची तपासणी होण्यापूर्वी फवारा मारणे म्हणजे पुरावा धोक्यात घालणे होय. दोन्ही दिव्यांवर ध्रुवण फिल्टर (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारे) लावून लेन्सवरचा फिल्टर त्यांना काटकोनात ठेवा, म्हणजे चकाकी जाईल. विरघळलेल्या कडांचे कारण बहुधा फोकसची उथळ खोली, म्हणजे एका छायाचित्रात थोडाच भाग स्पष्ट येणे, हे असावे. त्यासाठी प्रत्येक कोनातून फोकस बदलत अनेक छायाचित्रे घेऊन ती एकत्र करा.

क्षकिरण: सूक्ष्म सीटी स्कॅन (क्ष-किरणांनी त्रिमितीय नोंद) केल्यास चकाकीचा प्रश्नच उरत नाही आणि अनेक हत्यारे एकदम स्कॅन करता येतात.

दख्खनवासी: त्यात दगडाचा रंग मुळीच येत नाही, आणि चर्टच्या अभ्यासात रंग महत्त्वाचा असतो.

किनारा: या प्रतिकृती सार्वजनिक करण्यास गावाची संमती आहे का? पुरातत्त्वज्ञ हेल्गे लार्सन आणि फ्रोलिख रेनी यांचे इपियुटाकवरील काम १९३९ मध्ये सुरू झाले, तेथून निघालेल्या असंख्य वस्तू गावापासून दूरच्या संग्रहालयांत गेल्या. किनारा सतत खचत असल्याने आता तेथे उरलेल्या वस्तूंचे मोल फार मोठे आहे, म्हणून प्रतिकृतींचा ताबा कोणाकडे राहणार हे आधी ठरवावे.

धागाकर्ती: प्रतिकृती प्रथम गावालाच द्यायच्या असून त्या इतरांना दाखवायच्या की नाही, हे तेथील मंडळीच ठरवतील. ध्रुवण फिल्टर लावल्यावर खड्डे बरेच कमी झाले. मात्र दोन बाजूंची छायाचित्रे अजूनही जुळत नाहीत.

प्रकाशवेध: मेज फिरते आणि पार्श्वभूमी स्थिर राहते, त्यामुळे संगणक गोंधळतो. प्रत्येक छायाचित्रात पार्श्वभूमी झाका आणि मऊ फोमच्या खाचेत पाते उभे ठेवून धारेची वेगळी फेरी घ्या. मोजपट्टी मात्र प्रत्येक फेरीत असू द्या आणि मूळ रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) छायाचित्रेही जपून ठेवा.