दालात येथील स्वस्त मुक्कामाबाबत

वणीकर: कापसाची विक्री आटोपली की जानेवारीअखेरीस आई-वडिलांसह व्हिएतनाममधील दालात या डोंगरी शहरी जाण्याचा विचार आहे. वडिलांचे गुडघे दुखतात व घरी शाकाहारच चालतो. हॉटेल कोठे घ्यावे?

आर्वीकर: ऐन बाजारालगत न राहता, स्वान हुआंग तलावापासून चालत जाता येईल अशी सपाट गल्ली निवडावी, कारण बाजारालगतची स्वस्त हॉटेले बहुधा अरुंद, चार-पाच मजली इमारतींत असून अनेकांना लिफ्ट नसते. आरक्षणापूर्वीच खालच्या मजल्यावरील खोली लेखी मागून घ्यावी. शहर सुमारे 1500 मीटर उंचीवर आहे. एसी नसला तरी बिघडत नाही, गरम पाणी मात्र हवेच. आपल्याकडच्या उन्हाला सरावलेल्यांना तेथील पहाट चांगलीच झोंबते.

दारव्हेकर: तारखा ठरवण्यापूर्वी तेत, म्हणजे त्यांचे चांद्र नववर्ष, कधी येते ते पाहावे, ते जानेवारीअखेर ते फेब्रुवारी या काळात येते आणि तेव्हा भाडे चढते व अनेक दुकाने बंद असतात. हो ची मिन्ह सिटीहून स्लीपर बस स्वस्त पडते, पण वरच्या बर्थची शिडी वडिलांना जमणार नाही, तेव्हा खालचाच बर्थ घ्यावा. विमानाने गेल्यास लिएन खुआंग विमानतळापासून शहर सुमारे 30 किलोमीटर आहे. शाकाहारी खानावळी सापडतात. तरी रस्सा माशांच्या सॉसविना आहे का, हे विचारावेच. ई-व्हिसा आधी काढावा.

वणीकर: आभारी आहे. आता तेत संपल्यानंतरच्याच तारखा पाहतो.