परदेशातला जादा लष्करी माल: बंद लिफाफ्यात विकावा की जागेवर कापावा?

डोंगरवाट:
अफगाण हवाई दलासाठी अमेरिकेने घेतलेली 16 जी-222 मालवाहू विमानं 2014 मध्ये काबूल विमानतळावर तोडली. योजनेवर सुमारे 50 कोटी डॉलर गेले होते. भंगार गेलं पौंडाला 6 सेंटने, हाती आले 32 हजार डॉलर. एवढ्यात पुण्यात वन बीएचकेसुद्धा धड येत नाही. माझं मत: परदेशी तळावरचा जादा माल कापू नये, मोहोरबंद निविदा मागवून जगभरच्या गिऱ्हाइकांना विकावा. शेजाऱ्याने लिफाफ्यात किती आकडा लिहिलाय ते कळत नाही, त्यामुळे गरजू माणूस हात आखडता घेत नाही.

तिरकस:
जगभरच्या? ऑस्ट्रेलियाने 1985 मध्ये 'मेलबर्न' ही विमानवाहू नौका चीनला भंगारात विकली. तोडण्याआधी तिथल्या नौदलाने ती बारकाईने अभ्यासली. युक्रेनने 1998 मध्ये अर्धवट बांधलेली 'वऱ्याग' ही विमानवाहू नौका 2 कोटी डॉलरला मकाऊच्या कंपनीला दिली. म्हणे तरंगता कॅसिनो करणार! 2012 मध्ये तीच 'लिआओनिंग' नावाने चिनी नौदलात दाखल. आणि काय हो, ती 16 विमानं सुट्या भागांवाचून नीट उडतच नव्हती. ती घेणार कोण होतं?

डोंगरवाट:
विमानांचं मान्य, उदाहरण चुकलं. पण विमानवाहू नौका आणि जनरेटर एका तागडीत घालू नका. अमेरिकी विक्रीत शस्त्रासारखा माल आधी निकामी करतात, घेणाऱ्याकडून तो कुठे वापरणार हे लिहून घेतात. मी ट्रक, क्रेन, तंबूंबद्दल बोलतोय.

तिरकस:
लिहून काय, कॅसिनोही सांगितलाच होता की.

भंगारवाल्याचा पोर:
आमचे बाबा डिस्पोजलचा, म्हणजे लष्कराने विकायला काढलेला, माल घ्यायचे. निविदेच्या आदल्या रात्री लिफाफ्यावर लाख ओतायचे, आईची मेणबत्ती घेऊन. सकाळी कचेरीबाहेरच्या टपरीवर आठही व्यापारी चहाला बसलेले! कोण किती भरणार ते तिथेच ठरायचं, माल एकाच्या नावावर सुटायचा आणि संध्याकाळी गोदामात खरा लिलाव व्हायचा. रिंग म्हणायचे त्याला. लाख तशीच्या तशी, एकही शिक्का तुटलेला नाही. शिवाय माल 'जिथे आहे, जसा आहे'. एकदा बारा इंजिनं घेतली, चारांत पिस्टनच नव्हते. तक्रार कुणाकडे करणार? बाबा पुढच्या वेळी त्या हिशेबाने भाव पाडूनच भरायचे.

अवंती_के:
रिंग तोडायची तर बाहेरचे बोलीदार हवेत, म्हणजे पुन्हा तिरकसांची भीती. आणि जकात विसरू नका. परक्या फौजेचा माल यजमान देशात करमाफीने येतो. तिथल्याच व्यापाऱ्याला विकला की शुल्क त्याच्या डोक्यावर बसतं. ते वजा करूनच तो आकडा लिहितो. मुळात फौज निघालीय हे सगळ्यांना दिसत असतं. दुसऱ्या महायुद्धानंतर वनुआटूतल्या सांतो बेटावर ब्रिटिश-फ्रेंच प्रशासनाने अमेरिकी माल विकत घेतलाच नाही. कुठे नेणार हे, आपल्यालाच सोडून जातील, असा हिशेब. अमेरिकनांनी बुलडोझर, जीप, ट्रक सरळ समुद्रात ढकलले. पाणबुडे आजही बघायला जातात.

डोंगरवाट:
म्हणूनच निघायच्या दोन वर्षं आधी विक्री सुरू करा म्हणतो. आणि पैसा डॉलरमध्येच हवा असंही नाही. अमेरिकेच्या 1946 च्या फुलब्राइट कायद्याने परदेशात विकलेल्या युद्धसामानाच्या स्थानिक चलनातून शिष्यवृत्त्या काढल्या. समुद्रात ढकलण्यापेक्षा बरं ना?

भंगारवाल्याचा पोर:
दोन वर्षं आधी विकायला काढलेल्या ट्रकचे टायर शेवटच्या दिवशी जागेवर असतील, याची हमी कोण देणार?