हयात व्यक्तीवर विकिपीडिया लेख लिहिला, सकाळी अर्ध्याहून जास्त उडालेला. चुकलं कुठे?

कोरी_पाटी

नमस्कार मंडळी, विकिपीडियावर मी नवीन आहे, दोन-अडीच महिने झाले असतील. आत्तापर्यंत ऱ्हस्वदीर्घ सुधारणं, वर्ग जोडणं असली किरकोळ कामं करत होते, मग गेल्या आठवड्यात धीर करून पहिला अख्खा लेख लिहिला, एका ज्येष्ठ गायिकेवर. नाव मुद्दाम देत नाही. मी त्यांच्याकडे सहा वर्षं गाणं शिकलेय त्यामुळे माहितीची काही कमी नव्हती, जन्मतारीख, बालपण, लग्न, मग घटस्फोट, पुरस्कार, एका शिष्याने त्यांच्यावर केलेली केस, सगळं नीट मथळे पाडून लिहिलं. रात्री टाकला आणि सकाळी बघते तर लेखाची पार रया गेलेली! पाच परिच्छेदांतले साडेतीन गायब, फोटो गायब, आणि बदलाच्या सारांशात फक्त "हयात व्यक्ती, संदर्भ नाहीत". मी परत टाकलं, त्यांनी परत काढलं, मी पुन्हा टाकलं तर थेट माझ्या चर्चा पानावर (सदस्याला निरोप ठेवायचं पान) ताकीद.

राग याचा आलाय की त्यातला एक शब्द खोटा नाही हो. जन्मतारीख चुकेलच कशी, दर वाढदिवसाला मी स्वतः तिथे असते! आणि इतर कितीतरी लेख वर्षानुवर्षं बिनसंदर्भाचे पडलेत, त्यांना कोणी हात लावत नाही, मग माझ्याच मागे का? धोरणाचं पान वाचलं पण डोक्यावरून गेलं. नवीन माणसाने नेमकं काय करायचं ते साध्या भाषेत कोणी सांगेल का?

जुना_खोडरबर

ताई, तुमच्या मागे कोणी लागलेलं नाही. फरक विषयाचा आहे. डोंगरावरच्या लेखात बिनसंदर्भाचं वाक्य असलं तर लोक "संदर्भ हवा" असा साचा, म्हणजे तयार सूचनेची पाटी, चिकटवतात आणि महिनोन्महिने वाट बघतात, कारण डोंगराची नोकरी जात नाही, डोंगराचं लग्न मोडत नाही. जिवंत माणसाच्या बाबतीत वाट बघायची नाही, वादग्रस्त आणि बिनसंदर्भाचं काही दिसलं की आधी काढायचं आणि चर्चा मागाहून. ज्याला ते परत हवंय त्याने संदर्भ आणायचा, काढणाऱ्याने नाही. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं, म्हणजे दुसऱ्याचा बदल रद्द केला, की बंदी येऊ शकते, पण हयात व्यक्तीबद्दलचा असला मजकूर काढणाऱ्याला त्यातून सूट आहे आणि तो परत परत टाकणाऱ्याला नाही. म्हणून ताकीद तुम्हाला आली, त्यांना नाही.

हे इतकं कडक का झालं त्यामागे एक प्रकरण आहे. जॉन सीगनथॉलर नावाचे अमेरिकन पत्रकार होते, साठच्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट केनेडींचे (राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींचे भाऊ) सहायक, पुढे रॉबर्ट यांच्या अंत्ययात्रेत खांदा देणाऱ्यांपैकी एक. मे २००५ मध्ये कोणीतरी त्यांच्यावरच्या लेखात लिहिलं की जॉन आणि रॉबर्ट या दोन्ही केनेडींच्या खुनात सीगनथॉलर यांचा हात असल्याचा संशय होता. सोबत काम करणाऱ्याची गंमत करायची म्हणून लिहिलेलं, असं नंतर निघालं. ते चार महिने तसंच राहिलं! चार महिने, कोणाच्या लक्षातच आलं नाही. सीगनथॉलरनी नोव्हेंबरमध्ये यूएसए टुडेत लेख लिहून झाडलं तेव्हा जगभर बोंब झाली, आणि डिसेंबर २००५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर हयात व्यक्तींच्या लेखांचं वेगळं धोरण लिहायला घेतलं, त्याच महिन्यात खातं न उघडता नवा लेख सुरू करणंही तिथे बंद झालं. २००९ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या मंडळाने सगळ्या भाषांमधल्या प्रकल्पांना उद्देशून यावर ठराव केला.

आता तुमचं "सगळं खरं आहे". मी मानतो खरं आहे. पण वाचणाऱ्याला तुम्ही कोण हे माहीत नाही आणि माहीत असण्याची गरजही नाही. त्याच लेखात उद्या दुसरा कोणी येऊन तुमच्याइतक्याच खात्रीने धादांत खोटं लिहील आणि तोही म्हणेल मी दर वाढदिवसाला हजर असतो. तुम्हा दोघांत फरक करायचा तर छापलेला, कोणालाही उघडून बघता येईल असा पुरावा लागतो. तिथे शब्द "सत्य" असा नाहीच, "पडताळता येणं" असा आहे.

अर्धविराम

खोडरबरदादांनी इतिहास सांगितला, मी कामाचं सांगतो.

तुम्ही उलटीकडून सुरुवात केलीत. आधी आठवेल ते लिहिलं आणि मग संदर्भ शोधायला निघालात, यात नवीन माणूस हमखास अडकतो, मीही अडकलेलो. आधी संदर्भ गोळा करा. त्या गायिकेवर स्वतंत्रपणे, सविस्तर लिहिलेलं किमान दोन-तीन ठिकाणी काय आहे ते बघा, म्हणजे मोठा लेख, समीक्षा, एखाद्या पुस्तकातलं प्रकरण. कार्यक्रमाची जाहिरात नको, त्यांच्याच वेबसाईटवरचा परिचय नको, "यांचीही उपस्थिती होती" अशी एका ओळीतली बातमी नको. मग त्या दोन-तीन लेखांत जे आहे तेवढंच तुमच्या शब्दांत धूळपाटीवर (सरावासाठीचं तुमचं पान) उतरवा आणि प्रत्येक वाक्यामागे लगेच संदर्भ लावा, "नंतर लावते" म्हटलं की तो कधीच लागत नाही. शेवटी आपल्या आठवणीतलं किती बाहेर राहिलं ते बघून वाईट वाटेल, वाटू द्या.

मुलाखतीचं जपून. मुलाखतीत माणूस स्वतःबद्दल जे बोलतो ते त्याचं म्हणणं म्हणून चालतं, पण "माझ्यामुळे हा प्रकार लोकप्रिय झाला" असलं वाक्य मुलाखतीतून उचलून लेखात सरळ विधान म्हणून टाकायचं नाही. आणि माणसाने स्वतःच्या ब्लॉगवर स्वतःबद्दल लिहिलेलं साध्या माहितीपुरतं चालून जातं, दुसऱ्या कोणाच्या ब्लॉगवर, फेसबुकवर, यूट्यूबवर त्याच्याबद्दल लिहिलेलं चालत नाही, लिहिणारा कितीही जाणकार असो.

आणखी एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. सापडलेला संदर्भ विकिपीडियावरूनच उचललेला नाही ना ते बघा, तारखा ताडून. २००९ मध्ये जर्मनीत कार्ल-थिओडोर त्सु गुटेनबर्ग अर्थव्यवस्था खात्याचे मंत्री झाले, आधीच त्यांच्या नावांची ही लांबलचक माळ, त्यात कोणीतरी जर्मन विकिपीडियावर "विल्हेल्म" हे आणखी एक नाव घुसवून दिलं. बिल्ड या तिथल्या पेपरने ते पहिल्या पानावर छापलं, श्पीगल ऑनलाइन या बातम्यांच्या साइटने छापलं, आणि मग विकिपीडियावर कोणी शंका काढली तर पुरावा म्हणून त्याच बातम्या दाखवल्या गेल्या. विकिपीडियावरून पेपरात, पेपरातून परत विकिपीडियावर. म्हणून बातमीची तारीख आणि तो मजकूर लेखात आल्याची तारीख दोन्ही बघायची, लेखाचा इतिहास उघडला की दिसतं.

कोरी_पाटी

बापरे. बरं, थोडं थोडं डोक्यात शिरतंय. पण तीन गोष्टींवर अजून अडलंय.

एक, जन्मतारीख एका शासकीय कागदावर आहे, तो स्कॅन करून दाखवला तर? दोन, ती केस. ती तर पेपरात आली होती, चांगली चार ओळींची बातमी, म्हणजे संदर्भ आहे, तरी का काढली? तीन, फोटो त्यांनी स्वतःच मला पाठवलाय, "वापर" म्हणाल्या, मग तोही का काढला?

जुना_खोडरबर

तारखेचं. जन्मदाखला, मिळकतीचे कागद, कोर्टातले कागद असल्या गोष्टींवरून जिवंत माणसाची खाजगी माहिती लिहायची नाही. कागद खोटा आहे म्हणून नव्हे हो. पूर्ण जन्मतारखेचा उपयोग करून लोकांची ओळख चोरली जाते म्हणून. तारीख आधीच बऱ्याच विश्वासार्ह ठिकाणी छापून आली असेल, किंवा त्यांनीच जाहीर सांगितली असेल तर लिहा, नाहीतर नुसतं वर्ष पुरे. आणि त्यांनी स्वतः तारीख काढायला सांगितली तर कुरकुर न करता वर्षावर यायचं. पत्ता, फोन, ईमेल तर कधीच नाही, चर्चा पानावरसुद्धा नाही, हे धोरण लेखापुरतं नसून विकिपीडियाच्या प्रत्येक पानाला लागू आहे. चुकून टाकलंत तर पुसून भागत नाही कारण जुन्या आवृत्तीत ते दिसत राहतं, प्रचालकाला (जादा अधिकार असलेला सदस्य) सांगून ती आवृत्तीच लपवून घ्यावी लागते.

केस. इथे मी थोडा रेंगाळतो कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. चार ओळींची बातमी काय सांगते? कोणीतरी केस केली. केस कोणीही कोणावरही करू शकतो. पुढे काय झालं, मागे घेतली, मिटली, निकाल लागला, कोणी छापलं नसेल तर तुमच्या लेखात ती कायमची अर्धवट राहणार आणि वाचणारा "म्हणजे काहीतरी केलंच असणार" असंच समजणार. कोर्टाने दोषी ठरवेपर्यंत माणूस निर्दोष धरायचा. त्यातून जो माणूस सार्वजनिक जीवनात फारसा नाही त्याच्यावरच्या आरोपाचा उल्लेख टाळण्याकडेच कल ठेवायचा. मंत्री किंवा मोठा नट असेल, अनेक विश्वासार्ह ठिकाणी सविस्तर छापून आलं असेल, तर आरोप म्हणून, त्यांचा इन्कार असेल तर तोही देऊन लिहितात, त्यांना आवडो न आवडो. एका चार ओळींच्या बातमीवर नाही.

आणि प्रमाण बघा. चाळीस वर्षं गाणाऱ्या बाईंच्या पाच परिच्छेदांच्या लेखात एक पूर्ण परिच्छेद केसचा! वाक्यं सगळी खरी धरली तरी तो लेख खोटा झाला. घटस्फोटाचंही तसंच, त्यांचा नवरा कुठे सार्वजनिक माणूस आहे, त्याचं नाव तिथे कशाला?

फोटोचं कोणीतरी सांगा, माझा त्यात हात कच्चा आहे.

रीळ_संपलं

फोटोचं मी सांगतो. "वापर" म्हणणं पुरत नाही, शिवाय परवानगी बहुतेक वेळा फोटोतल्या माणसाने द्यायची नसतेच, ज्याने काढला त्याने द्यायची असते. आणि तीही "विकिपीडियाला वापरू द्या" अशी नाही चालत, कोणीही, धंद्यासाठीसुद्धा, वापरू शकेल अशा मुक्त परवान्याखाली द्यावी लागते. बरेचजण हे ऐकून नाही म्हणतात आणि ते रास्तच आहे. हयात माणसाचा कॉपीराइटवाला फोटो "दुसरा मिळत नाही" म्हणून वापरायची पळवाटही नाही, कारण माणूस जिवंत आहे म्हणजे नवीन फोटो काढता येतो. तुम्ही शिष्या आहात ना, मग पुढच्या वेळी त्यांना विचारून स्वतःच्या मोबाईलवर काढा आणि कॉमन्सवर (विकिपीडियाचं मुक्त फोटोंचं भांडार) चढवा, पाच मिनिटांचं काम.

तळटीप_वैतागलेला

एक विचारू का सगळ्यांना? एवढी चाळण लावल्यावर लेख उरणार कुणाचे? ज्यांच्यावर पेपरवाले लिहितात त्यांचेच. डॉना स्ट्रिकलंडचं विसरलात का सगळे? २०१८ मध्ये त्यांच्यावरचा मसुदा "संदर्भांवरून उल्लेखनीयता (स्वतंत्र लेख असण्याइतकं महत्त्व) दिसत नाही" म्हणून परत पाठवला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बाईंना भौतिकशास्त्राचं नोबेल! त्या दिवशी धावत पळत लेख केला. ज्या कामासाठी नोबेल मिळालं ते १९८५ चं, म्हणजे तेहतीस वर्षं बाई तिथेच होत्या. नियम पाळून हे असं होतं. नवीन माणसाला एवढं घाबरवून सोडलं की तो परत येत नाही, मी स्वतः दोन लेख अर्धवट टाकून दिलेत.

अर्धविराम

स्ट्रिकलंडचं उदाहरण बरोबर आहे आणि लाजिरवाणंही. पण दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी होतेय. लेख असावा का नसावा हा उल्लेखनीयतेचा प्रश्न, तिथे तपासणारे चुकतात, आणि चूक दुरुस्त झाली, उशिरा का होईना. लेखात काय लिहायचं नाही हा दुसरा प्रश्न. स्ट्रिकलंडना लेख नव्हता म्हणून त्यांचं नुकसान झालं असेल, सीगनथॉलरना लेख होता म्हणून झालं. मला दोघांतलं एक निवडायचं झालं तर मी लेख नसणं निवडेन. तुम्ही वेगळं निवडाल, ठीक आहे.

घाईचा मुद्दा आलाच आहे तर हेही. २० जानेवारी २००९, ओबामांचा शपथविधी, नंतरच्या भोजनात सिनेटर टेड केनेडींना फिट आली, दुसरे सिनेटर रॉबर्ट बर्ड यांनाही बाहेर न्यावं लागलं, आणि विकिपीडियावर दोघेही काही वेळ मेलेले होते! दोघेही जिवंत. निधनाची बातमी आपण सगळ्यात आधी लावावी असली हौस कृपा करून कोणी धरू नका.

जुना_खोडरबर

तळटीपदादा, तुमचा वैताग कळतो. उडवणाऱ्यांनी सारांशात चार शब्द टाकून निघून जाऊ नये, चर्चा पानावर दोन ओळी लिहाव्यात, यावर मी तुमच्याच बाजूने आहे. या ताईंना ते मिळालं असतं तर हा धागाच निघाला नसता.

ताई, एक राहिलं आणि ते अवघड आहे. त्या तुमच्या गुरू. म्हणजे हितसंबंध आला. लिहायला बंदी नाही, पण शहाणपण यात की लेखाला थेट हात न लावता लेखाच्या चर्चा पानावर "मी त्यांची शिष्या आहे" असं उघड सांगायचं आणि हवा तो बदल संदर्भासकट तिथे मांडायचा, दुसरा कोणी बघून लेखात घालेल. पैसे घेऊन लिहीत असाल तर ते जाहीर करणं २०१४ पासून वापराच्या अटींतच आहे, तुमचं तसं नाही हे दिसतंच आहे. लाजायचं कारण नाही, खुद्द विकिपीडियाच्या संस्थापकाने, जिमी वेल्सने, २००५ मध्ये स्वतःवरच्या लेखात बदल केले होते आणि पकडला गेला होता, नंतर पस्तावला.

आणि लेखातलं "सुरांवर विलक्षण हुकूमत" हे वाक्य तुमचंच असणार. कोणा समीक्षकाने म्हटलं असेल तर त्याचं नाव घालून त्याच्या तोंडी द्या.

कोरी_पाटी

माझंच होतं ते वाक्य 🙈

काल रात्री बसून सगळं पुन्हा केलं. दोन लेख सापडले, एक संगीताच्या मासिकात, चांगला सहा पानी, आणि एका पुस्तकात त्यांच्या गुरूंवरच्या प्रकरणात यांच्यावर तीन पानं. गंमत म्हणजे मासिकात त्यांचं शिक्षण ज्या गुरूंकडे सुरू झालं म्हणून दिलंय ते मी लिहिलेल्यापेक्षा वेगळं निघालं. बाईंना फोन करून विचारलं तर म्हणाल्या मासिकवालेच बरोबर, तुला मी कधीतरी भलतंच सांगितलं असेन! सहा वर्षं मी तेच धरून बसले होते.

केस, घटस्फोट, तारीख सगळं काढलं, वर्ष ठेवलं. मी कोण ते सांगून चर्चा पानावर मसुदा टाकलाय. एकूण अकरा वाक्यं झालीत. पहिलं असं आहे: "... या सुप्रसिद्ध शास्त्रीय गायिका व संगीतशिक्षिका आहेत." कोणी नजर टाकेल का?

अर्धविराम

बघितलं. "सुप्रसिद्ध" काढा. सातव्या वाक्यातला पुरस्कार मासिकात सापडत नाहीये, दुसरीकडे असेल तर तो संदर्भ लावा, नसेल तर वाक्य बाहेर. पुस्तकाच्या संदर्भात पान क्रमांक राहिलेत. तेवढं झालं की मला चर्चा पानावर साद घाला, लेखात मी चढवतो.