वाशीच्या खाडीमातीला ‘झोन ३’ एवढंच उत्तर पुरेल का?

खाडीकाठची
रविवारी आमच्या वाशीच्या सोसायटीत पुनर्विकासाची सभा झाली. सल्लागारांनी बावीस मजल्यांचा आराखडा दाखवला. भूकंपाबद्दल त्यात एकच ओळ: झोन ३ (भूकंपाच्या नकाशातला मध्यम धोक्याचा पट्टा), त्या झोनचा गुणांक ०.१६, माती कठीण. मी विचारलं, इथे पायलिंगला, म्हणजे पायाचे खोल खांब टाकायला, खणलं की काळा चिखल वर येतो, मग माती कठीण कशी? उत्तर आलं, पायल खडकापर्यंत जातात, म्हणजे इमारत खडकावरच उभी.

मला हे पटलेलं नाही. जमीन हलते तेव्हा पायलभोवतीचा चिखलही हलतो आणि पायलला आडवा ढकलतो. भूकंपासाठीच्या भारतीय कोडची, आयएस १८९३ ची, २०१६ ची आवृत्तीसुद्धा मातीचा प्रकार वरच्या ३० मीटरवरून ठरवायला सांगते, पायलच्या टोकावरून नाही.

२६ जानेवारी २००१ ला हादरा बसला कच्छमध्ये आणि बहुमजली इमारती कोसळल्या सव्वादोनशे किलोमीटरहून लांब, अहमदाबादेत. तेही झोन ३ मध्येच होतं. बोअर घेऊन, म्हणजे खोल भोक पाडून नमुने तपासून, मातीचा अहवाल हातात येईपर्यंत आपण आराखड्याला हात वर करू नये, असं माझं ठाम मत आहे.

घोडबंदरकर
ताई, पूर्ण असहमत. आमच्या जुन्या इमारतीत गेल्या पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या छताचा पोपडा पडला, तेव्हा आई पाटावर बसली होती. सळ्या गंजून फुगल्यात. तो धोका रोज डोक्यावर आहे. ठाण्याला एवढ्या वर्षांत कोणता मोठा भूकंप झालाय? एकेक शंका काढून सभा लांबवली की लोक त्याच गळक्या घरात आणखी दोन पावसाळे काढतात. अहमदाबादेत इमारती पडल्या त्या खराब बांधकामामुळे. झोनप्रमाणे नीट बांधा, बास.

शहापूरचा
मोठा भूकंप झाला नाही, हा पुरावा कसा? किल्लारी तेव्हाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर नकाशा बदलला, २००२ मध्ये झोन १ रद्दच झाला. आणि आपल्याकडे काहीच हलत नाही असंही नाही. १९८३ मध्ये भातसा धरणाच्या परिसरात धक्के बसले. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत महिनोन्‌महिने जमीन हादरत राहिली, लोक थंडीत घराबाहेर झोपले.

घोडबंदरकर
किल्लारीची घरं मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची, वर मातीचं जड माळवद. आरसीसीशी त्याची तुलना नको.

सळई-सिमेंट
पंचवीस वर्षं स्ट्रक्चरल डिझाइन करतोय, म्हणून दोघांनाही थोडं टोकतो.

मातीबद्दल ताईंचं बरोबर आहे, आणि ही चूक लहान नाही. एवढ्या उंच इमारतीला मऊ माती धरली तर कोडनुसार भूकंपाचं बल कठीण मातीच्या १.६७ पट येतं, मध्यम धरली तर १.३६ पट. खडक किती खोलीवर लागतो त्यावर प्रकार ठरेल. कदाचित मध्यम निघेल. पण न तपासता ‘कठीण’ लिहिणं चूकच.

अहमदाबादेची तुलना मात्र जपून करा. तिथे साबरमतीचा गाळ फार खोल आहे, आपल्याकडे खाली बेसॉल्ट आहे. तिथून घ्यायचा धडा वेगळा. पडलेल्या कित्येक इमारतींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता. वर विटांच्या भिंती, खाली नुसते कॉलम, मग सगळी वाकण्याची ओढ त्या एका मजल्यावर येते. वाशीपासून घोडबंदरपर्यंत अशा स्टिल्टच्या, म्हणजे खाली नुसत्या खांबांवर उभ्या, इमारती मोजा. मला विचाराल तर माझी पहिली काळजी तीच. आणि साइटवर जाऊन कॉलमच्या उभ्या सळ्यांभोवतीच्या रिंगा बघा: त्यांच्या टोकांचे हूक १३५ अंशांत आत वळवलेत की ९० वर सोडलेत? ९० चा हूक सळ्यांवरचं काँक्रीटचं कव्हर निखळलं की उघडतो, मग उभ्या सळ्यांना धरणारं काही उरत नाही.

कळवेकरीण
तुमच्याकडे निदान सल्लागार आहे. दिवा-मुंब्र्याकडे भराव टाकून उभ्या राहिलेल्या इमारतींचा नकाशाच नसतो, तिथे बोअर कोण घेणार? २०१३ मध्ये शीळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली इमारत भूकंपाशिवायच कोसळली, सत्तरहून जास्त माणसं गेली. एकेका सोसायटीने भांडून हे सुटणार नाही. कुठे खडक, कुठे खाडीचा गाळ, कुठे भराव, याचा नकाशा महापालिकेनेच वॉर्डावार करून लोकांसमोर लावावा.

घोडबंदरकर
नकाशा हवाच, मान्य. पण तोवर आईला कुठे ठेवू?

खाडीकाठची
दादा, बोअर घ्यायला दोन पावसाळे लागत नाहीत, काही आठवड्यांचं काम आहे. पुनर्विकास मलाही हवाय, आमचंही छत गळतं. सळई-सिमेंट, स्टिल्टचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. आमच्या आराखड्यात खाली तीन मजले पार्किंग आहे. पुढच्या सभेत दोन गोष्टी लेखी मागणार: बोअरचा अहवाल, आणि पार्किंगच्या मजल्यांवर शिअर वॉल (आडवा जोर पेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंती) कुठे-कुठे आहेत त्याचं ड्रॉइंग. ड्रॉइंग मिळालं की इथेच टाकते, तुम्ही बघून सांगा.