मदत हवी आहे: घटस्फोटाची केस अमरावतीहून यवतमाळला आणायची आहे
धाकट्या बहिणीवर नवऱ्याने अमरावतीच्या कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाची केस टाकली आहे. ती घाटंजीजवळ माहेरी राहते, पदरात दोन वर्षांची पोर. दर तारखेला यवतमाळला एसटी बदलून अमरावतीला जायचं म्हणजे मजुरी बुडते. खावटीचा अर्ज (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५) इथेच केलाय. तालुका विधी सेवा समितीने मोफत वकीलही दिला. बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नसते, हे उशिराच कळलं. समेटाच्या दोन बैठका झाल्या, आता समेट होणं नाही.

केस यवतमाळला वर्ग करायला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अर्ज लागेल, असं वकील म्हणतात. तिथला मोफत वकील इथल्या समितीमार्फत मिळतो, की बहिणीला स्वतः नागपूरला जावं लागेल? आणि तोवर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली तारखांचा प्रवासखर्च मागता येईल का?